पिवळं अस्तर

चाचा, आधी माफी मागतो आणि मग लिहायला घेतो. तुमच्याविषयी लिहिणारा मी कोण, हा प्रश्न कागद पुढे ओढल्यापासून मला छळतो आहे. मी तुमच्या नात्यातला नाही, गल्लीतला नाही, धर्माचाही नाही. तुम्हाला मूठमाती द्यायलाही मी वेळेवर पोहोचलो नाही. आणि लिहितो आहे तेही मराठीत, जी तुम्ही आयुष्यभर बोललात पण वाचायला कधी शिकला नाहीत. मी हे तुम्हाला वाचून दाखवलं असतं, तर दुसऱ्याच ओळीला आरी खाली ठेवून तुम्ही म्हणाला असता, "मास्तर, लंबा टाका घालून राहिला तू. जवळ घे, जवळ. उसवंन ते."

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रत्येक वर्गातून एक लेख मागितला आहे. बाकीच्यांनी मोठ्या माणसांवर लिहिलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मोठ्या माणसांविषयी काय लिहायचं असतं ते मला पुस्तकातूनच काढावं लागतं. तुमच्यासाठी पुस्तक उघडावं लागणार नाही, एवढंच माझं भांडवल. पहिल्यांदा मी तुमचा जन्म, घराणं असं रीतसर लिहायला गेलो. तुमचा जन्म कधीचा, ते तुमच्या युसूफलाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, "अब्बा म्हनायचे, मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली." कोणता पूर, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून ते सोडून दिलं.

आपली गाठ पडली ती अकोल्याच्या वकीलसाहेबांमुळे. त्यांना जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद. कुणाचा घोडा मोडलेला, कुणाचं चक्र गंजून बसलेलं, उडण्यासारखं एकही नाही. पण प्रत्येकाला ते अशा मायेनं तेल देत की पक्षकार बाहेर ताटकळत बसायचे. त्यांचं एकच दुःख होतं. लोखंड उरतं, कातडं जातं. रिव्हॉल्व्हरं राहिली होती, पण ती ज्या चामडी घरांत घालून कमरेला लावत ती घरं उंदरांनी आणि वाळवीनं खाऊन टाकली होती. प्रत्येकाला त्याच्या काळाचं, त्याच कापाचं, त्याच टाक्याचं घर शिवून मिळावं असं त्यांना वाटे. शिवायला घोड्यांचा साज करणारे तुम्ही होता. पण इंग्रजी पुस्तकांतली चित्रं उतरवून, मापं वाचून तुम्हाला सांगणारा कुणीतरी हवा होता. आमच्या इतिहासाच्या सरांना त्यांनी विचारलं आणि सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला अमरावतीहून अकोल्याला धाडलं. पक्षकारांच्या खोलीत माझी राहायची सोय झाली.

तुमच्या दुकानाची पहिली ओळख मला वासानं झाली. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास. माझ्या घरचाच वास तो. दारापाशी युसूफ सायकलच्या सीटा मढवत होता, रेक्झिनची दप्तरं टांगलेली होती, आणि मागच्या अंगाला लगाम, तोबरे, एक अर्धवट खोगीर, आणि त्यांच्यामध्ये तुम्ही. मी पुस्तक उघडून इंच सांगायला लागलो. तुम्ही थोडा वेळ ऐकून घेतलंत.

"इंच कोनाचा?"

"इंग्रजांचा."

"न बोट कोनाचं?" तुम्ही आपली चार बोटं माझ्यापुढे धरलीत. "माया आजा परतवाड्याच्या छावनीत साहेबाच्या घोड्याले साज शिवे. साहेब इंच सांगे, आजा बोट लावे. साज बसे का नाई बसे?"

"बसत असेल."

"बसे. घोडं बोंबलत नसे. तू इंच सांग, मी बोट लावतो. भांडन कायले?"

भांडण मात्र आपलं त्या दिवशीच सुरू झालं, आणि ते संपलं नाही. तुम्ही चिडत होता, हट्ट करत होता, चुकतही होता, आणि चूक कबूल करण्याआधी पान खायला निघून जायचा. मीही काही कमी नव्हतो. पुस्तकात आहे ते खरं, एवढं एकच शस्त्र माझ्याजवळ होतं आणि ते मी जागोजागी काढत होतो.

तुम्ही मला जवळ बसवलंत तो प्रसंग मात्र भांडणाचा नव्हता. तुमचा हात अडकला होता म्हणून मी सहज दोऱ्याला मेण लावून दिलं आणि एक टाका ओढला. तुम्ही माझ्या हाताकडे पाहत राहिलात.

"कोन्या गावचा तू?"

"दर्यापूरकडचा."

"बाप मोट शिवते का तुया?"

मी हो म्हणालो. माझे वडील विहिरीच्या चामडी मोटा शिवत. आता मळ्यामळ्यात इंजिनं आली आहेत, मोटा कुणी शिवून घेत नाही.

"तरीच. दोरा वढतानी कोपर भाईर जाऊन राहिलं तुयं. मोटीचा टाका हाये तो. पानी धरनारा टाका." मग तुम्ही युसूफला हाक मारून म्हणालात, "पाय रे, याचा बाप पानी शिवते. न तू सीटा मढव."

माझ्या वडिलांच्या कामाचं नाव इतक्या आदबीनं घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. सुट्टीत घरी गेल्यावर मी ते वडिलांना सांगितलं. जेवताना त्यांनी विचारलं, "कोन म्हने तो मानूस? काय म्हनाला, परत सांग." चाचा, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. त्यांनी माझ्याकडून ते परत सांगून घेतलं.

आपल्या कामातली खरी अडचण कायद्याची होती. वकीलसाहेबांच्या परवान्यावरचं हत्यार त्यांच्या घराबाहेर काढता येत नव्हतं. आणि तुमचं म्हणणं, ओलं कातडं अंगावर बसवल्याशिवाय घर होत नाही, नुसतं पाकीट होतं. म्हणून आपण सुताराकडून मोठ्या रिव्हॉल्व्हरचा लाकडी साचा करून घेतला. कातडं भिजवून त्यावर ताणून बसवलं आणि सावलीत ठेवलं. कातडं वाळताना आवळलं, लाकूड ओल पिऊन फुगलं, आणि दोघांनी एकमेकांना असं धरलं की काही केल्या सुटेना. युसूफ पाय रोवून ओढत होता, मी दुसऱ्या टोकाला, आणि तेवढ्यात वकीलसाहेब कोर्टातून परस्पर दुकानात आले.

"काय चाललंय, चाचा?"

तुम्ही शांतपणे सुपारी कातरत होता. "घरात शिरलं साहेब, आता निंगून नाई राहिलं. सुतारानं जावई धाडला वाट्टे."

दुसऱ्या साच्याला आपण तेल पाजून मगच वापरलं. पण त्या पहिल्याचं नाव तेव्हापासून जावईच पडलं, आणि तो तसाच, घरात अडकलेला, तुमच्या खुंटीला टांगलेला असे.

हे काम तुमच्यासाठी नादाचं नव्हतं. ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. अकोल्यात तांगे कमी होत चालले होते, घोडी विकली जात होती. युसूफचं म्हणणं होतं की मागचा भागही सीटांना द्यावा. माळव्यातल्या एका जुन्या संस्थानिकांनी आपल्या वाड्यात शस्त्रांचं संग्रहालय मांडलं होतं, तिथं पुष्कळ हत्यारं घराविना उघडी पडून होती. वकीलसाहेब आपलं सगळ्यात जुनं, काडतुसाऐवजी बारुदाची टोपी बसवून उडवायचं रिव्हॉल्व्हर त्यांना भेट देणार होते. त्याच्यासोबत तुम्ही शिवलेलं घर जायचं. तिथलं सगळं पाहणारे एक निवृत्त कर्नल होते. त्यांना ते घर पसंत पडलं तर बाकीच्या हत्यारांचं काम तुमच्याकडे येणार होतं, नाहीतर नाही. तुम्ही आणि युसूफ यांच्यात ठरलं होतं की कर्नल नाही म्हणाले तर घोड्याचं सामान माळ्यावर चढवायचं. तुम्ही हे मला हसत सांगितलंत. पण त्या अर्धवट खोगिरावरून हात फिरवत सांगितलंत.

माझा इंटरचा निकाल लागला त्या दिवशी मी तुमच्याकडेच होतो. तुम्ही जिलेबी मागवलीत आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून सांगत होता, "आमचा मास्तर पास झाला." मी म्हणालो, चाचा, पुरे. तुम्ही म्हणालात, "तुया तं लागला. आता माया निकाल पाहू. कर्नल पेपर कसा तपासते देव जाने."

त्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरच्या मूळ घराचा एक तुकडा वकीलसाहेबांनी रुमालात जपून ठेवला होता. खालची निमुळती बाजू तेवढी उरली होती, टोकाला पितळेचं बोंड, वरचं सगळं उंदरांनी नेलेलं. तुम्ही तो तुकडा उन्हात नेलात, आत डोकावलात आणि मला हाक मारलीत. आतून तो पिवळा होता. कडेला तपकिरी झालेला, पण शिवणीच्या फटीत स्वच्छ, गर्द पिवळा.

"अस्तर हाये," तुम्ही म्हणालात. "मेंढीच्या मऊ कातड्याचं पिवळं अस्तर. झिजून गेलं, रंग राह्यला."

मी पुस्तकं उलटली. काही अधिकाऱ्यांच्या घरांना आतून अस्तर असे, एवढं सापडलं. रंगाविषयी काही नव्हतं. तसं मी सांगितलं.

"पुस्तकात नसंल तं पुस्तक अधुरं हाये. तू लिव त्याच्यात."

खरं सांगायचं तर मीही हरखलो होतो. कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट आपल्याला अकोल्यात सापडली, याचा मला विलक्षण आनंद झाला होता. कॉलेजात परत गेल्यावर सरांनाही मी ते सांगितलं. रंगाचा शोध मात्र त्या सुट्टीतच सुरू झाला होता. पळसाची फुलं करून पाहिली, रंग भगवा आला. बाजारातल्या पुडीचा रंग हिरवट गेला. शेवटी चाचीनं परातीत हळद आणि तुरटी कालवून दिली. त्यात मेंढीचं कातडं बुडवून वाळवलं आणि तुकड्याशेजारी ठेवलं, तर फरक सांगता येईना. आपण दोघं दारात उभे राहून ते दोन्ही एकमेकांना दाखवत होतो. तुम्ही म्हणालात, "पाय, गोरासाहेब बी हळदच लावे." आणि मला त्या वाक्यात काहीही खटकलं नाही. आज ते आठवलं की हसू येतं, एकट्यालाच येतं.

घर तयार झालं. झाकणाचा गोलावा, दोन सुयांचा बारीक टाका, झाकण अडकवायची पितळी खुंटी, आणि आत ते अस्तर. दसऱ्याच्या सुट्टीत मी अमरावतीहून आलो आणि खंडेनवमीच्या दिवशी आपण ते घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. ओसरीवर बसलो. काकूंनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नींनी, चहा पाठवला. आपल्या दोघांचे कप वेगळे असायचे, खिडकीत पालथे घातलेले. त्यावरून मी कधी गप्प झालो तर तुम्ही म्हणायचा, "बरं हाये ना. आपला कप दुसरा कोनी फोडत नाई."

आत पाटावर शस्त्रांची पूजा मांडली होती. चामडं पूजेला चालत नाही म्हणून रिव्हॉल्व्हरं नुसतीच ठेवलेली. दारातून आपल्याला सगळं दिसत होतं. काकूंनी ओल्या हळदीची बोटं नळीवर ओढली, मुठीवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग वकीलसाहेबांनी ते टोपीचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि ओसरीवर आणलं.

"घाला बघू घरात," ते म्हणाले. "पाहू कसं बसतं."

"पुसून देतो साहेब, वल्लं हाये," तुम्ही म्हणालात.

काकू आतूनच बोलल्या, "पुसू नका हो. पूजेची हळद त्या दिवशी पुसत नसतात. तशीच ठेवायची. सासूबाईंच्या वेळेपासून तशीच ठेवतो आम्ही, घर होतं तेव्हा घरात. त्या हळदीनं ते आतून सगळं पिवळं होऊन गेलं होतं मेलं."

वकीलसाहेबांनी रिव्हॉल्व्हर आत सरकवलं.  तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. मग तुम्ही ते बाहेर काढलंत, घरात बोट घातलंत, बोट उजेडात धरलंत. आणि शेवटी म्हणालात, "मास्तर, आपन हळदीले हळद लावली."

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. तुम्ही हसला नाहीत. पान खायला म्हणून उठून गेलात ते बराच वेळ आला नाहीत.

त्यानंतरचं भांडण हे आपलं खरं भांडण. मी म्हणालो, अस्तर काढायला हवं, आतून साधं कातडं हवं. कारखान्यातून ते घर ज्या दिवशी निघालं त्या दिवशी ते जसं होतं तसं कर्नलसाहेबांना हवं आहे.

"मंग त्याले म्हना त्याच दिवशी यायचं होतं," तुम्ही म्हणालात.

"चाचा, थट्टा नको. खरं काय ते दाखवायचं आहे."

"खरं काय? एक दिवस ते घर कारखान्यात होतं. बाकी सारी उमर या बाईच्या देवघरापाशी होतं. मानूस मेल्यावर त्याचा पाळन्यातला फोटो लावते का कोनी?"

"पण अस्तर तर कधीच नव्हतं."

"अस्तर नव्हतं, मानलं. चुकलो आपन. पन पिवळं तं होतं?"

  मग तुम्ही सुचवलंत की घर साधं शिवू आणि हळदीचं रिव्हॉल्व्हर चार वेळा आतबाहेर करून पाठवू. मी म्हणालो, ते सोंग होईल. ती हळद पूजेची नसेल, आपण लावलेली असेल. तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत. त्या दिवशी तुम्ही चिडला होता की विचार करत होता, हे मला विचारायचं होतं. ते राहिलं.

दिवाळीत मी आलो तेव्हा दुसरं घर तयार होतं. आतून साधं, टाका पहिल्यापेक्षाही नेटका. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत.

"घे. तुया कारखान्याचं. मी हळद लावली नाई, लावनार नाई. पन ती आपल्या पायानं आली, तं तू तिले थांबवू नको."

"कशी येईल? हे आता माळव्यात जाणार."

"म्हनून तं सांगून राहिलो. थांबवू नको."

पहिलं, पिवळ्या अस्तराचं घर तुम्ही मला दिलंत. पेनं ठेवायला. ते आत्ता माझ्या टेबलावर आहे, आणि हे लिहिताना मी त्यातूनच पेन्सिल काढतो आहे. वसतिगृहातली मुलं विचारतात, हे काय? मी सांगतो, एक चूक आहे. ती म्हणतात, फार सुबक आहे.

मग परवान्याचे कागद सुरू झाले. हत्यार एका माणसाकडून दुसऱ्याकडे द्यायचं तर अर्ज, चौकशी, पुन्हा अर्ज. रिव्हॉल्व्हर आणि तुमचं घर वकीलसाहेबांच्या कपाटात पडून राहिलं. मी आलो की तुम्ही विचारायचा, "निकाल?" मी मान हलवायचो. उन्हाळ्यात तुमचा दमा वाढला. तुम्ही शिवत नव्हता, पण गादीवर बसून मला शिकवत होता. दोन सुया एकाच भोकातून कशा न्यायच्या, आरी किती तिरपी धरायची. मी विचारलं, मला कशाला शिकवता, मी तर शिक्षक होणार. तुम्ही म्हणालात, "मास्तरच्या हातात कायतरी पाह्यजे ना, खडूशिवाय." चाचा, मी तेव्हा नुसता हसलो. आभार मानायचे असतात हे मला ठाऊक होतं. कसे मानायचे ते सुचलं नाही.

तुम्ही गेलात ते पोळ्याच्या सुमारास. युसूफनं अकोला-अमरावती गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला होता. कंडक्टरनं तो कॉलेजच्या फाटकावर सांगितला, फाटकावरून तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, तोवर तुमची माती होऊन गेली होती. मी आलो तेव्हा युसूफनं मला कब्रस्तानात नेलं. परतताना तो म्हणाला, "सामान अजून माळ्यावर चढवलं नाई मी. अब्बाचा निकाल लागू दे, मंग पाहू."

यंदाच्या खंडेनवमीला मी वकीलसाहेबांकडे गेलो. परवाना अखेर मंजूर झाला होता आणि दसऱ्यानंतर कर्नल स्वतः रिव्हॉल्व्हर न्यायला येणार होते. ओसरीवर मी एकटाच बसलो. खिडकीत एकच कप होता, माझा. तुमचा दिसला नाही म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर तो आत, घरातल्या कपांच्या ओळीत ठेवलेला होता. 

पूजा झाली. काकूंनी दरवर्षीसारखी हळदीची बोटं नळीवर ओढली. वकीलसाहेबांनी रिव्हॉल्व्हर उचललं, तुमचं नवं घर हातात घेतलं. थांबा, पुसून घ्या, असे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. कर्नलचं येणं चार दिवसांवर आलं होतं आणि तुम्ही वर्षभर ज्याची वाट पाहिलीत ते सगळं त्या साध्या, स्वच्छ कातड्यावर अवलंबून होतं. एका पिवळ्या डागानं सगळं फिसकटलं असतं. पण तुमचं 'थांबवू नको' आठवलं. काकूंनी ते कुणाला दाखवायला केलं नव्हतं. दरवर्षी करतात तेच त्या करत होत्या. मी थांबवलं नाही. रिव्हॉल्व्हर ओल्या हळदीसकट आत गेलं आणि तुमची खुंटी लागली. खुंटी लागल्याचा तो छोटासा आवाज मी रात्री अमरावतीच्या गाडीतही ऐकत होतो, आणि आपण चाचाचं काम बुडवलं तर नाही, हेच मनात येत होतं.

नंतर काही दिवस काहीच कळलं नाही. मला धीर नव्हता आणि विचारायचं धाडसही नव्हतं. परवा वकीलसाहेब एका दाव्यासाठी अमरावतीला आले. कोर्टातून निघून ते थेट वसतिगृहाच्या दारात उभे राहिले. आमच्या वसतिगृहात असे कोट घातलेले पाहुणे येत नाहीत, त्यामुळे मुलं खोल्यांतून बाहेर आली. मी खाट मोकळी केली, पण ते बसले नाहीत.

म्हणाले, कर्नल आले होते. भिंग घेऊन बसले. टाके पाहिले, झाकण पाहिलं, पुस्तकातल्या चित्राशी माप लावलं, मान डोलावत होते. मग रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि आत बोट घातलं. बोट पिवळं झालं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

काकू दारात होत्या. त्यांनी सांगितलं, सासूबाईंपासून सगळं. कर्नल त्या बोटाकडे पाहत राहिले. मग रुमालातला तो जुना, उंदरांनी खाल्लेला तुकडा त्यांनी मागून घेतला, आत पाहिलं, पुन्हा आपलं बोट पाहिलं.

"शिवणाऱ्याला हे माहीत होतं?"

"साहेब," वकीलसाहेब म्हणाले, "यावर तो वर्षभर भांडत होता."

कर्नलनी खिशातला रुमाल अर्धा काढला होता. तो त्यांनी परत ठेवला. म्हणाले, हे पुसू नका, असंच न्यायचं. आणि बाकीच्या हत्यारांची मापं कधी पाठवू ते सांगा.

हे सांगून वकीलसाहेब दाराकडे वळले. मग म्हणाले, "येताना युसूफकडे जाऊन आलो. त्यानं सीटा पुढं सरकवल्यात. मागचा भाग या कामासाठी मोकळा केलाय, आणि तू कधी येतोस ते विचारत होता. त्याला तो दोन सुयांचा टाका येत नाही म्हणे."

शनिवारच्या गाडीनं मी निघतो आहे. युसूफनं जिलेबी आणून ठेवायची असं ठरलं आहे. चाचा, तुमचा निकाल लागला. तुम्ही पास झालात.